तळपायाची आग

रात्री साडेनऊला, बातम्या बंद करून
मी अप्पांचा दाढीचा आरसा फरशीवर ठेवते.
त्यावर ते पाऊल धरतात, अधांतरी,
आणि आम्ही दोघं वाकून बघतो,
विहिरीत काही पडलंय का बघावं तसं.

रोग गेला त्याला चाळीस वर्षं झाली.
वडाळ्याच्या डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलं.
पावलांना मात्र कुणी कळवलं नाही.

पाण्यात आधी माझं कोपर, मग त्यांचा पाय.
वीस मिनिटं.
मग कडेची टणक कातडी हलक्या हाताने घासायची,
बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, व्हॅसलीन.
जखमेला फक्त सलाईन आणि गॉज.
हळद नाही,
शेजारच्या नमूताईंचा पाला तर नाहीच नाही.
खाटेखाली मांजर झोपतं. त्याचं नाव सिस्टर.
उंदराने अंगठा कुरतडला तरी
अप्पा घोरत राहतील, म्हणून पाळलंय.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याने दुखणं अंगावर काढलं.
अंगावर काढायला
दुखणं मिळायला तर हवं!

परवा चपलेतून गळ निघाला,
चांगला बोटभर, सुरमईचा.
सकाळी शिवडी बंदरावर जुन्या खलाशांत बसले होते,
तिथून रेशनच्या रांगेत,
रांगेतून वाचनालयात. सगळं चालत.
पट्टी लाल, मोजा लाल,
आणि हे मला अग्रलेख सांगतायत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.
त्यांची जात नाही,
वाटेतला पूल कधीचा पडलाय.
सहा आठवडे प्लास्टर, त्या कुबड्या, माझ्या बिनपगारी रजा,
सगळं पाण्यात घातलंत, मी ओरडले.
ते म्हणाले, "अगं, पण दुखत नव्हतं."

आमच्या घरात ही तक्रार असते.

आज नव्या शर्टाची पारदर्शक पिशवी कापून
जखमेवर अलगद धरली,
मार्करने कड गिरवली, तारीख घातली.
डब्यातल्या जुन्या तुकड्यांवर ठेवून दिव्यासमोर नेली.
दिवाळीत रुपयाएवढी होती,
संक्रांतीला चवळीएवढी,
आणि आता ही, एका बाजूला फुटलेली.

अप्पांनी चष्मा लावला. पस्तीस वर्षं तांडेल होते.
"घारापुरी," म्हणाले. "उत्तरेकडून अशीच दिसते."
"धक्का कुठंय मग?"
त्यांनी बधिर बोट नेमकं ठेवलं,
गळ शिरला होता तिथे.

"उद्या चालायचं नाही."
"बरं."

मी चपला कपाटात घालून
कुलूप लावलं.