पुढची सीट

मागे नको, पुढे बसा.
कायद्यात आमची ही गाडी अजून नीट मावलेली नाही,
आणि बंदराच्या रस्त्यावर पोलीस खिडकीतून वाकून
एकच गोष्ट विचारतात :
हे तुमचे कोण?
तेव्हा पट्टा लावा, आणि चढ लागायच्या आत
एक नातं ठरवून टाकू.

वालपाराईसोत चढ लगेच लागतो.
टेकड्या किती, यावर इथे एकमत नाही.
मी मोजल्या नाहीत, क्लचने मोजल्या असतील.

दोन्या एदेल्मिरा मांडीवर कोंबडी घेऊन बसल्या
नि म्हणाल्या, मला विहीण कर. म्हणजे भांडता येईल.
आणि खरंच भांडल्या, प्लाया आंचापर्यंत,
मला नसलेल्या मुलाने
त्यांना नसलेल्या मुलीचा केलेला छळ काढून.
उतरताना मीच माफी मागितली.

निबाल्दो एके काळचा क्रेनवाला. आता हात कापतात.
म्हणाला, सासरा.
आणि मी गिअर टाकला की दर वेळी
जिभेने टक् करायचा.

गणवेशातल्या एका पोराला म्हटलं, मी तुझी मावशी.
तो म्हणाला, मला मावशी आहे. तुम्ही शेजारीण व्हा.
बरं बाबा, शेजारीण.

विल्नेर हैतीचा. त्याच्याजवळ खिडकीचं तावदान होतं.
भिंती अजून व्हायच्या होत्या, पण काच स्वस्तात मिळाली म्हणाला.
सीट पार मागे सारून, काच गुडघ्यांत धरून बसला,
आणि नेमकं त्यालाच अडवलं.
टॉर्च आधी त्याच्या तोंडावर, मग माझ्या,
मग पुन्हा त्याच्या.
कोण हा?
मावसभाऊ, मी म्हणाले.
विल्नेरला आमचे शब्द तीसेक येत असतील.
त्यातला एक त्याने जपून काढला :
धाकटा.
काचेत आम्ही तिघंही दिसत होतो.
पोलीस म्हणाला, जा.

पहाटे चारला हॉस्पिटलच्या दारातून एक बाई.
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पुरुषाचे बूट.
सवयीने मी विचारून बसले, आज आपण कोण?
ती म्हणाली,
आज मला कोणाची कोणी करू नका.
मी उतरून मागचं दार उघडलं.
रस्ता संपून पायऱ्या लागतात तिथे ती उतरली.
वर, फार वर, एक दिवा लागेपर्यंत
मी इंजिन बंद केलं नाही.

आणि मग जुलैत, समोरचं दिसेना अशा धुक्यात,
फोनवर नाव उगवलं : बेलिसारियो.
आडनाव येत नाही त्यात, पण हे नाव
या गावात दुसऱ्या कुणाचं मी ऐकलेलं नाही.
आईच्या घराची वाटणी झाली त्याला नऊ वर्षं झाली.
चमच्यांपर्यंत वाटणी. एक चमचा उरला,
तो तिथेच ओट्यावर ठेवून आम्ही निघालो होतो.
रद्द करायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.
माझंही नाव त्याला दिसलंच असणार.
दोघांनीही रद्द केलं नाही.

तो मागे बसला. मी पुढे बसा म्हटलं नाही.
आरशात त्याचं टक्कल. बाबांसारखंच, डावीकडून सुरू झालेलं.

घाट उतरताना बॅटरीचा उजेड आला.
हे तुमचे कोण?

विहीण, सासरा, मावसभाऊ,
इतक्या परक्यांना मी वाटत आले,
आणि ऐनवेळी हाताला एकही शब्द लागेना.
प्रवासी, मी म्हणाले.

पावती फाडली. गाडी ओढून नेली.
धुक्यात आम्ही दोघं बसथांब्यावर,
मध्ये एका माणसाची जागा सोडून.
तो म्हणाला, भाऊ म्हणायचं होतंस, फुकट सुटली असतीस.
मी म्हणाले, तू म्हणायचं होतंस.
त्यावर तो काही बोलला नाही.
कुत्रं येऊन मधल्या जागेत बसलं.

बस आली. तो आधी चढला.
ड्रायव्हरने मान वर न करता विचारलं,
दोन?

बेलिसारियोने खिसा चाचपला. वेळ लावला.
मागे माणसं खोळंबली.
दोन, म्हणाला.