दंतवैद्याचा सिनेमा

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी
आमच्या गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये मी तो लावतो.
बाहेर उणे चार. आत सॉसेज, कॉफी,
ओल्या कोटांचा वास.
रीळ दोन ठिकाणी तुटलेलं, मीच चिकटवलेलं,
त्यामुळे एका मुलीचा गळा चिरला जातो
आणि लगेच ती बसची वाट बघत उभी असते.
इथे हमखास टाळ्या.

पैसे घातले होते विनिपेगच्या एका दंतवैद्यानं,
एकोणऐंशी साली, कर वाचवायला.
डॉक्टर पेनर. सिनेमातलं ओ की ठो कळत नव्हतं.
दिग्दर्शकाला म्हणे एवढंच सांगितलं :
दर दहा मिनिटांनी एक पोरगी मेली पाहिजे,
आणि मरायच्या आधी तिनं आंघोळ केली तर बरं.

अकरा दिवसांत उरकला,
बंद पडलेल्या बीटसाखरेच्या कारखान्यात.
खुनी म्हणजे डॉक्टरचा मेहुणा, वेल्डरचा मुखवटा लावून.
कुऱ्हाड रबराची. भिंतीवर आपटली की वाकते,
मग लाजल्यासारखी सरळ होते.

लोक निवाडा करायलाच बसतात.
केल्विन मुडदे मोजतो बोटांवर :
‘सात. पोस्टरवर अकरा लिहिलेत. शुद्ध फसवणूक.’
मागची रांग दात काढते.
मिरेय शहरात सिनेमा शिकते, वही घेऊन येते.
म्हणते, खुनी दिसत नाही तेव्हा कॅमेराच खुनी असतो,
आणि आपण त्याच्या खांद्यावर बसून आलेलो असतो.
खरं आहे तिचं.
पण सॉसेजच्या रांगेत तीही असते, दरवर्षी.
पाद्रीबुवा येत नाहीत.
सोमवारी मला गाठून विचारतात, यंदा किती आले होते?

दहापैकी दोन, हे ठरलेलं.
त्यातला एक कुऱ्हाडीला,
एक अभिनयाला, तोही एकाच जागी :
पिवळ्या स्वेटरातली तिसरी मुलगी,
रक्तानं माखलेली, कारखान्याच्या अंगणातून धावते,
स्वतःच्याच केसांना, मानेला, तोंडाला मारत सुटते,
आणि अशी ओरडते
की केल्विनची बोटं मोजायची थांबतात.
‘बाकीच्या नुसत्या ओंडके. हिनं मात्र मरण पाहिलंय.’

यंदा डोरीन तकाचुक आली होती.
धान्यकोठाराच्या ऑफिसातून निवृत्त, गुडघ्याला पट्टा.
दाराजवळ बसली. कुणी ओळखलं नाही.
नंतर माझ्यासोबत खुर्च्या दुमडायला लागली.

‘गांधीलमाशा,’ म्हणाली.
‘रक्त मक्याच्या पाकाचं. सप्टेंबर महिना. साखरेचा कारखाना.
तुम्हीच सांगा, काय होणार?
तेवीस ठिकाणी चावल्या.
दिग्दर्शक ओरडत होता, थांबू नकोस, थांबू नकोस.
खुनी सगळ्यात आधी पळाला.
म्हणून पुढे नुसते त्याचे हातमोजे दिसतात.’

मी हसलो. तीही हसली.
आणखी चार खुर्च्या झाल्या.

‘अभिनय केला तो दुसरीकडे,’ म्हणाली.
‘मोरीत. पाणी बर्फासारखं होतं, ते नसल्याचा.
आणि दारात बारा बाप्ये उभे होते,
त्यांतल्या तिघांना तिथे काहीच काम नव्हतं,
तेही नसल्याचा.
एकोणीस वर्षांची होते. मान खाली घालून गुणगुणले,
स्क्रिप्टमध्ये तसं लिहिलं होतं म्हणून.
त्याचा गुण कुणी देत नाही.’

मी पुढची खुर्ची उचलली, परत ठेवली.
दरवर्षी त्याच जागी
मी फोकस जरा नीट करून घेतो,
हे मला तेव्हा आठवलं.

मानधन किती मिळालं, असं काहीतरी विचारलं.
‘चाळीस डॉलर. आणि एक दाढ फुकट भरून.’
मग ट्यूबलाइटखाली तिनं तोंड उघडलं,
गाल बोटानं बाजूला ओढला.
मागे, खाली, डावीकडे,
करडा, गुळगुळीत, चार दशकांत एक कणही न हललेला.

‘एवढं एकच काम त्यानं मन लावून केलं,’
ती म्हणाली, आणि कोट शोधायला गेली.