संप

आईला फोनवर सांगितलं, टाकीखाली संप बांधतेय.
ती म्हणाली, कुणाचा संप? पगार झाला नाही का?
मग हसत हसत समजावलं:
वरच्या टाकीतलं पाणी काठावरून सांडतं,
पाइपातून खालच्या टाकीत येतं, गाळलं जातं,
आणि पंप त्याला परत वर धाडतो.
"म्हणजे तेच पाणी?"
"तेच."
"मग बरं."

स्वाडलिंकोट. इथून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र लांबच.
आणि मी तरी कुठली समुद्राची?
डर्बीतली मराठी माणसं विचारतात, मालवणच्या का तुम्ही?
नाही हो, जालन्याची.
आठ दिवसांनी नळ, तोही पहाटे तीनला.
समुद्र पहिल्यांदा पाहिला चोविसाव्या वर्षी,
विमानाच्या खिडकीतून, ढगांनी अर्धा खाल्लेला.

स्टँडसाठी शेजारचे ऑर्म आले.
उमेदीची सगळी वर्षं पाइपांच्या कारखान्यात, भट्टीवर.
भट्टी लाल झाली की फावड्याने आत मीठ फेकायचं,
वाफ मातीवर बसून तिची काच व्हायची.
मिठाचं काय ते मला विचार, म्हणत त्यांनी
पुढच्या खोलीत जमिनीवर पाणसळ ठेवली.
बुडबुडा खिडकीकडे पळाला.
शंभर वर्षांचं घर, थोडं कलणारच, म्हणाले,
मीही कलतोच आहे.
मग फळ्यांवर टिचक्या मारत ऐकत गेले
खालचे वासे कुठून कुठे जातात ते.
पाचशे किलो पाणी, दगड, काच.
ते चार वाशांवर आडवं पडायला हवं.

दोन बाय चारचे पाय,
प्रत्येक कोपऱ्याला गुण्या, प्रत्येक सांध्याला गोंद,
आतून रंगाचे तीन हात, कारण खारं पाणी
लाकडाला वाळवीसारखं शोधून काढतं.
रात्रपाळीवरून येऊन मी पॉलिशपेपर घासायची;
एक्स-रे विभागाचा निळा गणवेश भुशाने पिवळा.

पाणी शुद्ध करणारं यंत्र एक बादली देतं
आणि तीन बादल्या गटारात सोडतं.
हे मी आईला सांगितलं नाही.
पहिल्या रात्री ती नळी सिंकमध्ये वाहत होती,
बारीक, एकसारखी,
आणि मला काही झोप लागेना.
दोन वाजता उठले, नळीचं तोंड पिंपात घातलं.
आता ऑर्मांचे वाटाणे, आमची फरशी,
गल्लीतल्या दोन गाड्या, सगळं त्यावर.
पिंपातून पाणी काढायला ते हातपंप शोधत होते.
मी नळी तोंडात धरून ओढली,
अंगठा लावला, सोडला.
ते बघतच राहिले. कुठे शिकलीस?
दुसरीत, म्हटलं.

मीठ ढवळलं. काटा पस्तीसवर.
पंप चालू केला आणि मग मुद्दाम बटण बंद:
वीज गेली तर वरचं किती खाली येईल?
आम्ही दोघं गुडघ्यांवर, टॉर्च घेऊन.
पाणी माझ्या पेन्सिलच्या रेघेपाशी आलं.
रेघेच्या वर गेलं.
एक बोट. दोन.
मग थांबलं, काठ तीन बोटं उरलेला.
गणित चुकलं तुझं, ऑर्म म्हणाले.
चुकलंच. पण आमच्याकडे
हिशेबाने निघतं त्यापेक्षा एक पिंप जास्तच ठेवतात.

त्यानंतर सहा आठवडे नुसते दगड आणि पाणी.
परीक्षानळीत पिवळा, हिरवा, एकदा भलताच जांभळा.
ऑर्मांची नात दारातूनच विचारायची, मासे?
अजून नाहीत.
मासे का नाहीत?
पाणी अजून पाणी झालेलं नाही.
काचेवर तपकिरी साय धरली, ती खरवडली, परत धरली.
एका रात्री, दिवा बंद केल्यावर,
दगडाच्या फटीतून एक हात बाहेर आला,
केसाएवढा, काटेरी, चाचपडणारा.
मी आणलेला नव्हता. दगडाबरोबर आला असणार,
इतके दिवस आतच बसून.

जालन्यात तेव्हा उजाडत होतं. आईला व्हिडिओ लावला.
दिसतंय का? तो बघ, डाव्या कोपऱ्यात.
ती डोळे बारीक करून बघत राहिली.
मग म्हणाली, पाण्याचा आवाज येतोय गं.
नळ बंद कर आधी.

आणि मी खरंच उठले.