एका दमात स्वारगेट

दवाखान्याला कुलूप, आणि मी मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाशी.
मागे त्याचा आवर्तसारणीचा तक्ता,
गळ्यात उगाचच स्टेथोस्कोप.
लॅपटॉपला कुठे लावणार तो?

धनकवडीहून खळदकर. तापाचा तिसरा दिवस.
पडद्यावर हनुवटी, वर फिरणारा पंखा,
छताला ओलीचा डाग, थेट श्रीलंकेसारखा.
"जरा खाली धरा फोन."
सून खाली धरते. आता नुसता बनियन.

ऑक्सिमीटर अख्ख्या पुण्यात नाही, दुकानदार म्हणतात सोमवारी बघा.
"काका, एका दमात आकडे म्हणा, जातील तिथवर."
"आकडे नकोत हो. एकोणतीस वर्षं पीएमटीत तिकिटं फाडली,
स्टॉप म्हणतो."
आणि सुटलेच:
कात्रज मोरेबाग भारती विद्यापीठ बालाजीनगर
पद्मावती अरण्येश्वर लक्ष्मीनारायण
स्वारगेट, चला उतरून घ्या.
मी वहीत तेवढंच लिहिलं. स्वारगेट.

दुसऱ्या दिवशी अरण्येश्वर.
तिसऱ्या दिवशी पद्मावती, तेही कण्हत.
नाडी सुनेनं मोजली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत,
चुकली, पुन्हा मोजली.
तिच्या बोटांना मी ते शिकवत होते
जे माझ्या बोटांना कुणी कधी शिकवलं, आठवत नाही.

शनिवारी
कात्रज मोरेबाग भारती विद्या
आणि चित्र थिजलं.
तोंड उघडं. पंख्याची पाती सुटी सुटी.
दम अडकला की रेंज?
मी माझ्याच मनगटावर बोटं ठेवून बसले होते.
मग सुनेचा आवाज, "डॉक्टर, ऐकू येतंय का?"
येत होतं. तिच्यामागे त्यांचा श्वासही,
सायकलच्या पंपासारखा.
"आत्ता निघा," म्हटलं, आणि सतरा फोन केले
एका खाटेसाठी.

जानेवारीत दवाखान्यात एक ठेंगणा माणूस आला.
मास्क खाली केला तरी ओळख पटेना;
छत दाखवलं असतं तर पटली असती.
खुर्चीत टेकला, म्हणाला, कात्रज, मोरेबाग...
बालाजीनगरला थांबून दम घेतला.
"आता दोन टप्प्यांत जाते गाडी."

मग फोनवरच्या तपासण्यांचे पैसे काढले,
दहाच्या नोटा, उभ्या घडीच्या,
कंडक्टर बोटांत धरतात तशा.
नको म्हटलं.
"तिकीट ते तिकीट," म्हणाले.

मी मनगट हातात घेतलं.
नाडी लगेच लागली.
तरी बराच वेळ मोजत राहिले.