अत्यावश्यक

यादीत आमचं नाव नव्हतं.
दूध, किराणा, औषधं, पेट्रोल,
नंतर कधीतरी दारूही, घरपोच.
चष्मा नाही.
माणसानं श्वास घ्यावा, जेवावं, झिंगावं,
पण नीट पाहू नये,
असं कुणा साहेबानं ठरवलं नसेल अर्थात.
त्यानं फक्त सही केली
आणि कोपरखैरण्यात, सेक्टर सहाच्या कोपऱ्यावर
माझं शटर खाली आलं.

चौथ्या आठवड्यात जोगदंड मास्तरांचा फोन.
चष्म्याची काडी निखळलेली.
इन्शुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत म्हणाले,
बाई गेल्यापासून घरात मोजायला दुसरं कुणी नाही.
रात्री साडेनऊला मी शटर गुडघ्याइतकं उचललं,
वाकून आत शिरले,
मोबाइलच्या उजेडात स्क्रू पिळला.
मास्तर पायरीवर, तोंडाला पंचा बांधून,
दोघंही गप्प,
जणू कुणाचं तरी काही चोरत होतो.

समोरच्या गच्चीवरून व्हिडिओ निघाला.
त्यात माझी फक्त पाठ आहे.
खाली ओळखीच्या लोकांची अक्षरं:
हिच्यापायी सगळी गल्ली मरायची.
पोलिसांना फोन कमळीवहिनींनी केला.
ज्यांच्या मुलीच्या हळदीला मी रात्रभर जागले होते, त्याच.
राग येईना, कारण
फोन करताना त्यांचा आवाज खराच थरथरत होता म्हणे.
भीती खोटी असती
तर भांडता आलं असतं.

खरमाळे हवालदार पावती फाडताना म्हणाले,
ताई, मला काय कळत नाही होय?
पण कागद आहे.

कागद आमच्या बापालाही आला होता.
बोनकोड्याची सव्वादोन एकर भातजमीन,
खाडीच्या अंगाचं मिठागर,
आणि कागदावर दोन शब्द: सार्वजनिक प्रयोजन.
बापाला वाचता येत नव्हतं. शेजाऱ्यानं वाचून दाखवलं.
तो म्हणाला, म्हंजे नक्की कोनाचा?
याचं उत्तर त्याला मरेपर्यंत मिळालं नाही,
साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, तोही उशिरानं,
त्यावरच हे दुकान.
म्हणजे मीही सरकारचंच खाते, असं म्हणता येईल.
म्हणा.

आजार खोटा होता असं मी म्हणत नाही.
माझा दीर, दिवाकर, वाशीच्या त्या मोठ्या मांडवात
अकराव्या दिवशी गेला.
पलंग सरकारचा, नळी सरकारची,
रात्रपाळीची केरळी नर्स त्याचा हात धरून बसली होती,
हे कळलं तेव्हा मी ज्याला त्याला हात जोडले.
मास्क मी कुणी सांगायच्या आधी शिवला होता.

पण पलंग वेगळा आणि बांबू वेगळा.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधायला
महापालिकेची दोनच पोरं आली, दमलेली, उपाशी.
त्यांच्याकडची सुतळी संपली.
तेव्हा तीन घरांतून तीन गुंड्या आल्या.
एक आमच्याच घरातून. मीच दिली.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग बांबू निघाले.
एक राहिला, त्यावर आता कुणाची तरी गोधडी वाळते.
दुकान उघडलं, मास्तर आले, त्यांचा नंबर वाढला होता.
जवळचं किती दिसतं ते तपासायला
कंपनीचं एक कार्ड असतं, ते मी कपाटात टाकलं.
त्याऐवजी गिऱ्हाइकाच्या हातात देते
शटरवर चिकटवलेला तेव्हाचा आदेश, लॅमिनेट केलेला.
वरचं ठळक सगळ्यांना दिसतं,
कलम, पोटकलम, दंड,
मग अक्षरं मुंगीएवढी होत जातात.

परवा कमळीवहिनी आल्या.
नजर मिळवली नाही, पण बसल्या.
वाचत वाचत खाली उतरल्या
आणि शेवटच्या ओळीवर अडल्या.
'पुढील...' म्हणाल्या, 'पुढील काय गं?'

मी भिंग बदललं.
आता?