बरहुकूम

जांबोटीच्या पुढं, जिथून लाल बस वळून परत जाते,
तिथली अंगणवाडी.
भिंतीवर कन्नड मुळाक्षरं, त्यांच्याखाली
कुणीतरी खडूनं गिरवलेला एक मराठी ळ.

माझ्याकडं चार पानांचा तक्ता:
सोळा चित्रं, दिलेल्या क्रमानं, पंचेचाळीस मिनिटं.
हो, नाही, अंशतः.
सगळं बरहुकूम झालं का, एवढंच मी बघायचं.
मुलं वाढली का, ते बघणारे दुसरे,
ते पुढच्या वर्षी येणार.

द्वारका घाडी पदर खोचून उभी राहिली.
पहिलं चित्र. दुसरं. तिसरं.
सातव्यात नळ आहे, गावात नाही,
तरी ती ‘नल्ली’ म्हणाली, स्पष्ट, पुस्तकातल्यासारखं.
मागची एक बाळंतीण फिसकन हसली,
‘आज बाई अशा का बोलायल्यात?’

सोळापैकी सोळा. चव्वेचाळीस मिनिटं.
कधीच न घडणाऱ्या एका दिवसाला
मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी न सांगता गेले,
खिडकीमागच्या फणसाखाली बसले.
आत नळाचा झरा झाला होता,
झऱ्यावर हात न धुता भाकरी खाणारी एक सासू होती,
आणि ती कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक असावं,
कारण हसू थांबेना.
नववं चित्र तीनदा आलं.
बारावं आलंच नाही.
मुलांची वजनंही झाली नाहीत:
काटा काजूवाल्या परशूकडं, हंगाम संपेपर्यंत.

झऱ्याला माझ्याकडं एकच चौकट, नाही.
काट्यालाही तीच.

द्वारका पाणी टाकायला बाहेर आली.
मला बघून दचकली नाही.
‘आत येऊ नका हं बाई,’ म्हणाली,
‘परत नल्ली म्हणाय लागतंय.’

धारवाडहून शिवलीला मॅडमचा फोन: किती टक्के?
रेंज नाही म्हटलं. होती.

जाताना परशूच्या पडवीत थांबले.
तुळईला काटा लटकत होता, खाली लंगोटाची झोळी,
झोळीत काजूच्या बिया, गच्च.
परशूनं न विचारताच आकडा सांगितला,
‘अकरा किलो सातशे. पक्का काटा, सरकारी.’

तिसऱ्या पानावर एक प्रश्न रिकामा होता:
वजनकाटा चालू स्थितीत आहे का?

हो.