बहात्तर जेवणं

बार रूमचं कपाट रिकामं करताना
वही निघाली बॅरिस्टर दाजी सबनिसांची,
कडेकडेने वाळवीने खाल्लेली,
मधला मजकूर तेवढा शाबूत:
आज सत्तेचाळिसावं जेवण. मटण कच्चं. मीठ नाही.

सनदेला बहात्तर जेवणं लागत.
लांब बाकावर चौघाचौघांचा मेळ,
अंगात काळा झगा, चौघांत एक सुरई.
दाजी आपला पेला शेजारच्या म्हाताऱ्याकडे सरकवत
आणि बदल्यात जुन्या गोष्टी घेत.

की जागा मुळात देवळाची.
लढणाऱ्या जोग्यांची, त्यांच्या घोड्यांची.
जोगी मोडले, ओवऱ्या ओस पडल्या,
तिथे वकील भाड्याने राहायला आले
ते उठलेच नाहीत.
(समासात, बारीक मोडीत:
आमच्याकडे याला कूळ लागणं म्हणतात.)

जेवण उरकलं की जाणते
एक खोटं भांडण मांडत,
कुणाची गाय, कुणाचं कुंपण,
आणि पोरं उभ्याने भांडत
मेणबत्ती विझेस्तोवर.
मग एका जूनमध्ये खेड्यांतली कुळं चालून आली,
दप्तरं रस्त्यावर ओढली, पेटवली.
म्हणून पहिली पानं नाहीत.
सुरुवात कोणी केली,
विचारायची सोय नाही.

वेंगुर्ल्याच्या बंदरात दाजी उतरले.
समुद्र ओलांडलेला. घरी पान वेगळं,
मागल्या दारी, केळीच्या आळ्याजवळ.
बहात्तर पंगती जेवलेला माणूस
एकटा जेवू लागला.

पहिला पक्षकार उभादांड्याचा बुधाजी तांडेल.
रापणीच्या वाट्याचा तंटा.
पायरीवर टेकून त्याने आधी विचारलं,
"बालिस्टरानू, थंय शिकवतत काय?"
दाजींनी खरं ते सांगितलं: जेवायला घालतात.
बुधाजी बराच वेळ गप्प.
"मगे आमी पण शिकलेलेच मा.
देवळात देवाचा जेवाण झाला काय
मानकरी बसतत, तंटो मांडतत,
निकाल लागासर कोण उठणा नाय."
"आणि कागद?"
"कागद खंयचो?
जाळूक तरी होयो मा."

शेवटची नोंद पेन्सिलीने, तिरकी:
दावा हरलो.
फी दोन टोपल्या बांगडे, त्याही उधार.
त्र्याहत्तरावं जेवण बुधाजीच्या पडवीत.
त्याची बायको वाढताना घाबरत होती,
मीही.
तिरफळ घातलं होतं.